सोनाराला विचारावे
सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाही, ही म्हण आमच्या भालकी-आळंदकडील मराठी घरांत अजून चालते. सुश्रुताने सहाव्या अथवा सातव्या महिन्यात कर्णवेध सांगितला. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा डावा. त्या वयात बाळाची संमती घेणार तरी कशी? तेव्हा विचारपूस आपणच करावयाची. तार कोरी आहे काय, असे सोनाराला विचारण्यात त्याचा अपमान नाही. एकाची तार दुसऱ्यास लागली तर रक्तावाटे ‘ब’ कावीळ जाऊ शकते. नुसत्या उकळण्याने धनुर्वाताचे बीजाणू मरतातच असे नाही. त्यास दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. बाळाची १४ व्या आठवड्याची लसही आधी झालेली असावी.

नाकाची गोष्ट निराळी. आमची नात सात वर्षांची आहे आणि ‘नको’ म्हणते. घरात लग्न तोंडावर आले आहे, आजी रुसल्या आहेत. चमकी अद्याप डबीतच आहे.