तीन लोंब्यांची गोष्ट

आज जेवणात भात होता? मग संध्याकाळी एवढं करा. जवळच्या किराणा दुकानात जा आणि तांदळाच्या गोण्यांवरची नावं वाचा. इंद्रायणी, आंबेमोहोर, कोलम, चिन्नोर... आणि त्यांच्याच रांगेत एचएमटी. हो, तेच एचएमटी. आजोबांच्या मनगटावर रोज चावी द्यावी लागणारं घड्याळ असायचं ना, त्याच कंपनीचं नाव.

घड्याळाची कंपनी तांदूळ कधीपासून पिकवायला लागली? कधीच नाही. तो तांदूळ शोधला चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. नाव दादाजी रामाजी खोब्रागडे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत हे नाव तुमच्या वाचनात आलंही असेल. पण त्यांनी नेमकं केलं काय, हे फारसं कुणी सांगत नाही. 'शेतकरी शास्त्रज्ञ' म्हटलं की आपण मोकळे. म्हणून आज जरा त्यांच्या बांधीत उतरून बघू.

सगळ्यांसारख्या नसलेल्या

नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. (मराठवाड्यातलं नांदेड वेगळं, गोंधळ करू नका.) हा धानाचा पट्टा. इकडे भाताच्या पिकाला धान म्हणतात, खाचराला बांधी आणि लावणीला रोवणी. १९८३ साली दादाजींच्या शेतात पटेल-३ हे धान उभं होतं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेलं, त्या वेळी चांगलं चालणारं वाण. पिकातून फिरताना त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर, ठेवण निराळी.

बाकीच्या पिकाबरोबर त्याही खळ्यावर गेल्या असत्या, तर गोष्ट तिथेच संपली असती. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या आणि बी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं. पुढच्या हंगामात ते शेताच्या मधोमध वेगळं पेरलं. रानडुकरांनी फस्त करू नये म्हणून भोवती काटेरी झुडपं लावली. जे आलं त्यातून पुन्हा बी राखलं, पुन्हा पेरलं. असं वर्षामागून वर्ष. हातात मूठभर बी, म्हणून पीक थोडं, म्हणून पुढच्या वर्षीही घाई करून चालणार नाही. बऱ्यापैकी बियाणं जमायला १९८८ उजाडलं.

दाणा बारीक, भात चवीला चांगला आणि उतारा पटेल-३ पेक्षा जास्त. आजूबाजूचे शेतकरी बी मागायला लागले. १९९० च्या सुमारास हे धान बाजारात पोचलं तेव्हा त्याला नावच नव्हतं. एचएमटीच्या घड्याळांची तेव्हा चलती होती. व्यापाऱ्याने तेच नाव चिकटवलं, आणि ते कायमचं बसलं.

ह्यात विज्ञान कुठे आहे?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही, मग संशोधन कसलं? तर ऐका. धानाचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं. त्यामुळे एका रोपाचं बी वेगळं राखलं आणि तेच पुढे वाढवत गेलं की काही पिढ्यांत आई आणि लेक सारखीच दिसायला लागतात. वनस्पतिशास्त्रात ह्याला निवड पद्धत म्हणतात. जगभरात कितीतरी जुनी वाणं अशीच घडली आहेत.

त्या तीन लोंब्या वेगळ्या का झाल्या? चुकून झालेला संकर, जनुकातला बदल किंवा बियाण्यात मिसळलेला परका दाणा, ह्यापैकी काहीही असू शकतं. महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे. हा वेगळेपणा टिकणारा आहे का? एखादी लोंबी कडेला भरपूर खत-पाणी मिळाल्यामुळेही जाडजूड होते. तिचं बी पेरलं की पुढच्या वर्षी ती पुन्हा साधी. संकरातून आलेली असेल तर तिची पिल्लावळ निरनिराळी निघते. म्हणून पाच वर्षं पुन्हा पुन्हा पेरून बघणं हा हट्ट नव्हता. ती तपासणी होती.

आणि उतारा म्हणजे तरी काय? धानाचं उत्पादन चार गोष्टींवर ठरतं. चौरस मीटरमध्ये लोंब्या किती, एका लोंबीत दाणे किती, त्यातले भरलेले किती आणि दाण्याचं वजन किती. समजा, चौरस मीटरला २५० लोंब्या आहेत, प्रत्येकीत १०० भरलेले दाणे आणि हजार दाण्यांचं वजन २० ग्रॅम. गुणाकार करा. अर्धा किलो. म्हणजे हेक्टरी ५० क्विंटल. आता दाणा बारीक करा, हजार दाणे १५ ग्रॅमचे. बाकी सगळं तेच ठेवलं तरी उत्पादन साडेसदतीस क्विंटलवर येतं. आपल्याला ताटात बारीक तांदूळ हवा असतो, पण शेतकऱ्याला त्याची किंमत वजनात मोजावी लागते. बारीक दाणा आणि चांगला उतारा एकाच वाणात मिळणं ही किती दुर्मिळ गोष्ट आहे, ते ह्या हिशेबातून कळतं.

रील आणि शेत

आता थोडं आपल्या मोबाईलकडे येऊ. 'एकच फवारणी, उत्पादन दुप्पट', 'हे एक औषध आणि फुटवेच फुटवे' असे रील तुम्हीही पाहिले असतील. डावीकडे पिवळं पडलेलं पीक, उजवीकडे हिरवंगार. गावाकडचा काका किंवा मामा ते फॉरवर्ड करतो आणि विचारतो, 'घेऊ का रे?' तुम्ही काय उत्तर देता?

उत्तर देण्याआधी शेताची एक खोड समजून घ्या. कुठलंही शेत सगळीकडे सारखं नसतं. सखल बांधीत पाणी साचतं, उंचवट्यावर लवकर सुकतं. जिथे शेणखताचा ढीग होता तिथलं पीक चारचौघांपेक्षा वर येतं. बांधाकडेच्या ओळींना ऊन आणि हवा जास्त मिळते, म्हणून त्या तशाही जोमदार असतात. म्हणजे उजवीकडचं हिरवं पीक औषधामुळे हिरवं की जमिनीमुळे, हे एका फोटोवरून सांगताच येत नाही.

हीच अडचण इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड ह्या शेती संशोधन केंद्रातही होती. तिथल्या ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचा खतप्रयोग १८४३ पासून सुरू आहे. आकड्यांच्या वह्या भरल्या होत्या, पण त्यातून खात्रीने काय म्हणायचं? १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर नावाचे तरुण संख्याशास्त्रज्ञ तिथे रुजू झाले. त्यांनी मांडलेली रीत आज जगभर वापरली जाते. शेताचे लहान सारखे तुकडे पाडा. कुठल्या तुकड्यात काय पेरायचं हे स्वतः ठरवू नका, चिठ्ठ्या टाका. प्रत्येक वाण एकापेक्षा जास्त तुकड्यांत पेरा. आणि जुनं, माहितीचं वाण शेजारी ठेवायला विसरू नका, कारण तुलनेशिवाय 'जास्त' ह्या शब्दाला अर्थ नाही.

मोजणीतही गंमत आहे. १० चौरस मीटरच्या तुकड्यात तुमची अर्धा किलोची चूक झाली, तर हेक्टरच्या हिशेबात ती पाच क्विंटलची होते! ओलं धान वजनाला जास्त भरतं ते वेगळंच. २० टक्के ओलावा असलेलं १० किलो धान १४ टक्क्यांपर्यंत वाळवलं की सव्वानऊ किलोच्या आसपास उरतं. फरक वाणाचा नाही, नुसता पाण्याचा. म्हणून संशोधक कडेच्या ओळी सोडून आतलंच पीक कापतात, वाळवतात, ओलावा बघतात, मग वजन करतात. आणि हे सगळं एका गावात करून भागत नाही. भातासाठी देशपातळीवर १९६५ पासून समन्वित प्रकल्प आहे. नव्या वाणाला निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या हंगामांत कस दाखवावा लागतो.

कंटाळवाणं वाटतंय? आहेच. पण बियाणं चुकलं तर शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जातो. मोबाईलसारखं ते परत करता येत नाही.

मग श्रेय कुणाचं?

आता गोष्टीतला दुखरा भाग. १९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने दादाजींकडून पाच किलो बियाणं प्रयोगासाठी नेलं. हे केंद्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. १९९८ मध्ये विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित केलं. मूळ बियाणं शुद्ध करून, चाचण्या घेऊन हे वाण तयार केलं, ही विद्यापीठाची बाजू. ज्याने ते शोधलं त्याला श्रेय मिळालं नाही, ही दादाजींची तक्रार.

ह्या वादात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दोन्ही कामं लागतात. विद्यापीठाकडे तुकडे, चिठ्ठ्या, वजनकाटे, अनेक ठिकाणच्या चाचण्या सगळं होतं. पण त्या तीन लोंब्या कुणी बघितल्याच नसत्या, तर तपासायला काय उरलं असतं? संशोधनाचा पहिला धडा बघण्याचा, दुसरा तपासण्याचा आणि तिसरा नोंदीचा. दादाजींनी पहिले दोन आयुष्यभर गिरवले. तिसऱ्यासाठी, म्हणजे शेतकऱ्याने घडवलेलं वाण त्याच्या नावावर नोंदवण्यासाठी, त्या काळी आपल्याकडे कायदाच नव्हता. तो २००१ मध्ये आला. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. आता शेतकरी स्वतःचं वाण स्वतःच्या नावे नोंदवू शकतो.

दादाजी मात्र थांबले नाहीत. डीआरके, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, दीपक रत्न अशी आणखी वाणं त्यांनी निवडली. डीआरके म्हणजे त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. ह्या वेळी नाव व्यापाऱ्याने ठेवलेलं नव्हतं! २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतलं. तरी पैशाची ओढाताण संपली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले. एचएमटी आजही बाजारात आहे आणि तो विकत घेणाऱ्या बहुतेकांना दादाजींचं नाव माहीत नाही.

तुम्हाला जमेल असं

घरी शेती असेल, किंवा गावाकडच्या काकाला उत्तर द्यायचं असेल, तर येत्या हंगामात हे करून बघा:

• सारख्या मापाचे सहा तुकडे आखा. तीन नव्या वाणाचे (किंवा औषधाचे), तीन नेहमीचे. कुठे काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.
• रोवणीची तारीख, खत, पाणी, निंदण सगळ्या तुकड्यांत सारखं.
• कडेच्या ओळी सोडून आतलं पीक कापा. प्रत्येक तुकड्याचं धान वेगळं वाळवा आणि वेगळं तोला.
• रोज नाही तरी आठवड्याला वहीत लिहा. तारीख, पाऊस, कीड, फुटवे. फोटोही काढा.
• तिन्ही तुकड्यांत नवं वाण वरचढ ठरलं, तरी लगेच सगळं शेत त्याच्या हवाली करू नका. पुढच्या वर्षी पुन्हा.
• आणि पिकातून फिरताना फोन खिशात ठेवा. एखादी लोंबी वेगळी दिसली तर तिला दोरा बांधा.

आणि पुढच्या वेळी मेसमध्ये एचएमटीचा भात वाढला गेला, तर शेजारच्या मित्राला विचारा, हे नाव कुठून आलं माहितीये? तो घड्याळाचं नाव घेईल. मग तुम्ही दादाजींचं घ्या.