स्टटगार्टची बदकबोली

अमेरिकेत १९३५ सालापर्यंत रानबदकांचे शिकारी पाळीव बदके पाण्यात बांधून ठेवत. ती ओरडली की वरून जाणारे थवे खाली उतरत आणि दबा धरून बसलेला शिकारी बार काढी. पण त्या दशकातल्या दुष्काळाने मैदानी मुलखातली तळी आटली, बदकांची संख्या झपाट्याने घसरली आणि केंद्र सरकारने शिकारीचे नियम आवळले. धान्य टाकून पक्षी जमवायला बंदी आली, तीनपेक्षा जास्त काडतुसे भरता येतील अशा बंदुकीला बंदी आली आणि जिवंत बदकांचे आमिषही बंद झाले. पाण्यावर तरंगणारी लाकडी बदके उरली, पण ती मुकी. थव्याला खाली बोलावण्याचे काम आता माणसाच्या श्वासावर येऊन पडले.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९३६ मध्ये, आर्कान्सा राज्यातल्या स्टटगार्ट गावाच्या मुख्य रस्त्यावर बदकाचा आवाज काढण्याची स्पर्धा झाली. पहिला आला मिसिसिपीच्या ग्रीनव्हिल गावचा थॉमस वॉल्श. बक्षीस होते एक शिकारी कोट, किंमत ६ डॉलर ६० सेंट. आज हीच स्पर्धा जागतिक अजिंक्यपदाची मानली जाते. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात ती याच गावात होते आणि तिथे पोहोचण्यासाठी आधी आपल्या भागातली पात्रता स्पर्धा जिंकावी लागते.

स्टटगार्टच का, याचे उत्तर तिथल्या जमिनीत आहे. १८७८ च्या सुमारास जर्मन पाद्री आडाम ब्यूर्कले आपल्या लोकांना घेऊन इथे वसला आणि गावाला मायदेशातल्या शहराचे नाव मिळाले. ग्रँड प्रेअरी म्हटल्या जाणाऱ्या इथल्या माळरानाच्या मातीखाली चिकणमातीचा घट्ट थर आहे. त्यातून पाणी झिरपत नाही, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे भातशेती बहरली. खाचरांत सांडलेला दाणा आणि हिवाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या ओकच्या जंगलातली फळे यांच्या ओढीने मिसिसिपीच्या हवाई मार्गाने येणारी बदके इथे थांबतात. त्यातले मानाचे बदक म्हणजे मॅलार्ड, आपल्याकडच्या पक्षिसूचीत नीलशीर नावाने ओळखले जाणारे. पाण्यात उभ्या असलेल्या झाडाला पाठ टेकून, पायाने पाणी ढवळत, फांद्यांच्या फटीतून थवा खाली बोलावणे ही इथली खास शिकार.

ज्याला ‘डक कॉल’ म्हणतात ते साधन अगदी साधे असते: एक पोकळ नळी, तिच्यात बसणारा खुंटा, खुंट्यावर सुरेल घासलेली पट्टी आणि तिच्यावर थरथरणारी पातळ रीड. इलिनॉयमधल्या पेकिन गावच्या ऑल्ट कंपनीने कडक रबराचे कॉल घरोघरी पोहोचवले. टेनेसीतल्या रीलफूट तळ्याकाठी धातूच्या रीडची परंपरा रुजली, लुईझियानात वेताच्या नळ्यांची. स्टटगार्टमध्ये चिक मेजर लाकडाचे कॉल बनवी. त्याच्या घरातल्या बायका-मुलींनीही स्पर्धा गाजवल्या. त्याची सावत्र मुलगी पॅट पीकॉक हिने १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षे जागतिक अजिंक्यपद जिंकले. पुरुषांच्या बरोबरीने उभे राहून तो मान मिळवणारी ती एकमेव स्त्री.

तिचा विजय मला आणखी एका कारणाने मोलाचा वाटतो. ज्या आवाजाला आपण बदकाचा आवाज म्हणतो, तो मुळात मादीचाच. नीलशीर नराच्या श्वासनलिकेच्या तळाशी, ध्वनियंत्राजवळ, हाडाचा एक फुगीर कप्पा असतो. त्याचा आवाज हलका, घोगरा निघतो. खणखणीत ‘क्वॅक’ मादी करते. ती पहिले एक-दोन सूर मोठ्याने काढते आणि पुढचे उतरत्या क्रमाने बारीक करत नेते. शिकाऱ्याला हा उतार अचूक साधावा लागतो.

सुरुवात एका ‘क्वॅक’पासून करायची. नवखा माणूस गाल फुगवून फुंकतो आणि पोंग्यासारखा आवाज निघतो. हवा बेंबीच्या देठापासून यायला हवी, जडशी, जणू हुंकार देतोय अशी. म्हणूनच उस्ताद लोक ‘फुंकू नकोस, कॉलमध्ये बोल’ असे सांगतात. दुसरी चूक शेवटाची. आवाज ‘क्वा’वरच ओघळतो, त्याला ‘क’चा ठसका मिळत नाही. हवा एकदम तोडली की तो मिळतो. हा एकच सूर दहा वेळा सारखा निघेपर्यंत पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. घाईने लांबलचक आलाप शिकणाऱ्यांचा पाया कच्चाच राहतो.

मग ‘हेल’, म्हणजे दूरच्या थव्याला घातलेली मोठी, लांब साद. मग जवळ आलेल्या पक्ष्यांसाठी चरताना होणारी कुजबुज, ती ‘टिका-टिका-टिका’ अशी जिभेने करतात. थवा वळून निघाला तर ‘कमबॅक’, आर्जवी आणि घाईची. मुठीने कॉलचे तोंड कमी-जास्त झाकून आवाज गोल करायचा. सराव घराच्या भिंतींत करण्यापेक्षा उघड्यावर करावा, कारण खोलीत प्रत्येक सूर भरदार वाटतो. स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून खऱ्या बदकाशेजारी ठेवून ऐकावा. शहरातल्या तळ्यावरची बदके यासाठी उत्तम गुरू.

स्पर्धेत नव्वद सेकंदांत ही सगळी रूपे दाखवावी लागतात आणि परीक्षकांना स्पर्धक दिसत नाही. रानात मात्र नव्वद सेकंद सलग वाजवणारा माणूस थवा घालवून बसतो. तिथला नियम असा: बदकांच्या शेपट्या आणि पंखांची टोके दिसू लागली, म्हणजे ती वळून दूर चालली, की बोलवावे. चोच तुमच्याकडे असेल तर गप्प बसावे. जोराच्या वाऱ्यात मोठ्याने बोलावे, शांत दिवशी हळू. जानेवारीपर्यंत पक्ष्यांनी इतकी खोटी बोली ऐकलेली असते की एखाददुसरा मऊ सूरच कामी येतो. ही संयमाची बाजू मला स्पर्धेच्या झगमगाटापेक्षा मोठी वाटते. त्यातच दया आहे, कारण नीट बोलावलेला पक्षी पंचवीस-तीस मीटरवर येतो आणि नेम अचूक लागतो. दूरवरच्या अंदाजी बारातून घायाळ पक्षी पाण्यात तडफडत राहतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आज या शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच झाले. पण पाखराच्या बोलीत बोलण्याची कला आपल्याला परकी नाही. फासेपारध्यांनी तितराची साद पिढ्यान् पिढ्या तोंडाने घातली. आज ती कसर मोबाइल भरून काढतो. फोटो मिळावा म्हणून पक्ष्याला त्याच्याच मुद्रित आवाजाने पुन्हा पुन्हा खुणावले जाते, तो घरटे किंवा चरणे सोडून अस्वस्थ फिरत राहतो. बंदूक घेऊन निघालेल्या अमेरिकन शिकाऱ्यालाही बदकांसाठी मुद्रित आवाज वापरायला केंद्रीय नियमांनी मनाई आहे. या हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला तलवार बदके आणि थापटे पाहायला जाणार असाल, तर मोबाइलमधले पक्ष्यांचे आवाज बंदच ठेवा आणि सोबतच्यांनाही तेवढे सांगा.