मांडवात अनुवादकाला जागा कुठे?

१९८३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला भरलं. अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘सत्तांतर’ला मिळाला. त्यामुळे त्या संमेलनाचा विषय निघाला की ‘सत्तांतर’ आणि ‘बनगरवाडी’ ही दोन नावं हमखास येतात. येत नाही ते राम देशमुखांचं नाव. ‘बनगरवाडी’ १९५५ची. अवघ्या तीन वर्षांत, १९५८ला, देशमुखांनी ती इंग्रजीत नेली. माडगूळकर अंबाजोगाईत अध्यक्ष म्हणून उभे राहिले, त्याच्या पंचवीस वर्षं आधीच माणदेशातल्या मेंढपाळांची ती वाडी मराठी न जाणणाऱ्या वाचकांपुढे उभी होती.

बीड जिल्ह्यात आणि आजूबाजूला गेल्या चार दशकांत साहित्याचे जे सोहळे झाले, ते आठवताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. अनुवाद इथे भरपूर घडला. त्याचा सोहळा मात्र फारसा झाला नाही.

खरं तर या मातीत हे काम फार जुनं आहे. परंपरा मानते की मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ शके १११०मध्ये, म्हणजे ११८८ साली लिहिला. विदर्भातलं आंभोरंही त्यांच्यावर हक्क सांगतं. तो वाद इथे नको. त्यांची समाधी म्हणून लोक अंबाजोगाईलाच जातात. संस्कृतात कोंडलेला अद्वैत विचार त्यांनी लोकांच्या बोलीत मांडला. त्याला शब्दशः भाषांतर म्हणता येणार नाही, पण एका भाषेतलं ज्ञान दुसऱ्या भाषेतल्या माणसाच्या हाती देणं तेच. त्यानंतर दासोपंत आले (१५५१–१६१५). गीतेवर ‘गीतार्णव’ हा प्रचंड टीकाग्रंथ लिहूनही त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी जाडंभरडं कापड घेतलं, सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद, आणि त्यावर पंचीकरणाचा विषय ओव्यांत आणि आकृत्यांसह लिहून काढला. पंचमहाभूतांपासून देह आणि जग कसं घडतं हे संस्कृत न शिकलेल्या माणसाला डोळ्यांनी पाहता यावं, अशी ती मांडणी. ही पासोडी अंबाजोगाईत जपलेली आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी मुद्दाम जाऊन पाहावी. ज्ञान लोकांपर्यंत पोचवण्याची एवढी तळमळ आजच्या कुठल्याही परिसंवादात सापडणार नाही.

निजामाच्या काळात तर अनुवाद हा सरकारी कारभाराचाच भाग होता. १९१७ साली हैदराबादेत भाषांतराचं स्वतंत्र खातं निघालं आणि उस्मानिया विद्यापीठासाठी शास्त्रांची, कायद्याची, इतिहासाची पुस्तकं उर्दूत आली. १९४८पर्यंत बीडवर निजामाचीच राजवट होती. इथल्या मराठी घरांतली जी मुलं त्या विद्यापीठापर्यंत पोचली, ती आधुनिक विद्या शिकली अनुवादित उर्दूतून.

पुढच्या पिढ्यांना जगाचं साहित्य भेटलं ते वाचनालयाच्या कपाटात. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याला पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’मध्ये मराठी बोलायला लावलं. ज्या जिल्ह्याला समुद्र नाही, तिथल्या मुलांनी समुद्राशी झुंजणारा माणूस ओळखला तो असा. लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनांमधून रशियन पुस्तकं अगदी थोड्या पैशांत मिळत. अनिल हवालदारांसारख्या माणसाने ती रशियनमधून थेट मराठीत आणली होती. मराठी वाचकांच्या एका अख्ख्या पिढीवर त्यांचं ऋण आहे. सोव्हिएत संघ कोसळला आणि तो ओघ आटला.

उलट्या दिशेचं कामही शेजारीच चाललं होतं. लातूरला राहून सूर्यनारायण रणसुभे यांनी शरणकुमार लिंबाळे यांची ‘अक्करमाशी’ हिंदीत नेली. दलित आत्मकथनं मराठीच्या बाहेर पोचली ती अशा माणसांमुळे.

बीडपुरतं बोलायचं तर माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी घटना एकनाथ आवाडांच्या पुस्तकाची. वडवणी तालुक्यातल्या दुकडेगावात मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील पोतराज. मुलगा शिकला, वकील झाला, मानवी हक्क अभियानातून गायरान जमिनींसाठी लढला. तेलगाव हे त्या कामाचं ठाणं. माणसं त्यांना ‘जिजा’ म्हणत. ‘जग बदल घालुनी घाव’ हे त्यांचं आत्मकथन मराठीत गाजलं. २०१५ला जिजा गेले. २०१८ला जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद आला, ‘स्ट्राइक अ ब्लो टू चेंज द वर्ल्ड’ या नावाने. म्हणजे आपलं पुस्तक परक्या भाषेत गेलेलं पाहायला लेखक उरला नव्हता. ‘बलुतं’ इंग्रजीत आणणारे पिंटो मुंबईचे. त्यांना बीडचं गायरान, सातबारा, वस्तीवरचा मार आणि ठाण्यात न लिहिली जाणारी फिर्याद हे सगळं अशा वाचकाला समजावून द्यायचं होतं, ज्याने यातलं काहीच पाहिलेलं नाही. ज्या गावांची ही हकीकत आहे, त्या गावांनी एकदा तरी त्यांना बोलावून वाचायला लावायला हवं. जिजांच्या लढ्याचा तोही मान आहे.

मोठ्या संमेलनांचं काय झालं? जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारा माणूस थेट मुख्य खुर्चीवर बसला, ही मराठवाड्याच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट होती. पण संमेलनाआधी चर्चा रंगली ती ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, यावर. त्यांनी केलेला अनुवाद मराठी म्हणून कसा आहे, हा प्रश्न मागेच राहिला. मग २०२२चा डिसेंबर उजाडला. ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या इंग्रजी पुस्तकाच्या अनुवादासाठी अनघा लेले यांना राज्य शासनाचा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुरस्कार ६ तारखेला जाहीर झाला आणि १२ तारखेला रद्द झाला. मूळ पुस्तकातल्या विचारांशी कुणी खुशाल भांडावं. परीक्षकांनी अनुवादाला दिलेला मान सहा दिवसांत काढून घेणं मात्र साफ चुकीचं होतं. महाराष्ट्रात एखाद्या अनुवादकाचं नाव इतकं गाजावं आणि तेही या कारणाने, याचं वाईट वाटतं.

शेजारच्या कर्नाटकाकडे पाहा. २०२५चं आंतरराष्ट्रीय बुकर बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना मिळालं. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात निम्मीनिम्मी वाटली गेली आणि दोघी एकाच व्यासपीठावर उभ्या राहिल्या. मुश्ताक हासनच्या. हासन म्हणजे बीडसारखंच जिल्ह्याचं गाव.

संयुक्त राष्ट्रांनी २०१७मध्ये ३० सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन म्हणून मान्य केला. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. भाषा अभिजात ठरली, तरी ती दुसऱ्यांना वाचता यायला अनुवादकच लागतो. अंबाजोगाईत दर नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो. कविसंमेलन, शेतकरी परिषद आणि शास्त्रीय संगीत एकाच मांडवात आणणारी ती परंपरा आहे. त्या मांडवात अनुवादाचं एक सत्र सहज मावेल. माजलगाव किंवा तेलगावला जिजांच्या पुस्तकातलं एकच प्रकरण मराठीत आणि इंग्रजीत पाठोपाठ वाचता येईल. बीड शहरात उर्दू जाणणारे वाचक आहेत, त्यांना सोबत घेता येईल. याला मोठा खर्च लागत नाही. फक्त निमंत्रणपत्रिकेवर अनुवादकाचं नाव लेखकाच्या बरोबरीने छापावं आणि प्रवासखर्च व मानधन प्रमुख पाहुण्याइतकंच द्यावं. जिल्ह्यातल्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी येत्या ३० सप्टेंबरसाठी एका तरी अनुवादकाला आजच पत्र लिहावं.