अक्षता टाकण्याआधी

मैत्रिणींनो, पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न ठरलं की आपण गटाच्या बैठकीत कुजबुजतो आणि मग आहेराची साडी घ्यायला जातो. भावकीत वाईट कोण होणार? तिची आई रागावून गट सोडून गेली तर हप्ता कोण भरणार? खरी भीती ही. ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ हे नुसतं पांघरूण. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ मात्र वऱ्हाड्यांनाही सोडत नाही. अशा लग्नाला हजर राहणं हासुद्धा गुन्हा आहे. (बाईला कैद नाही, पण दंड होऊ शकतो.) गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. त्यांच्याकडे जायला पाय उचलत नसेल तर १०९८ वर फोन करू, आपलं नाव गुप्त ठेवा म्हणून सांगू. पण हळदीच्या आधी. मांडव पडला की पोरीच्या बापालाही मागं फिरणं जड जातं.