उपकरणांचे अंतरंग – लेखांक सहावा : फुगणारे सिलिकॉन, आवरणारा कर्ब

मोबाईल फोनच्या बॅटरीची क्षमता दीर्घकाळ पाच हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थबकली होती. २०२३ नंतर मात्र ती सहा हजार, सात हजार अशी चढू लागली आणि तरीही फोनची जाडी त्या प्रमाणात वाढली नाही. या वाढीचे मुख्य कारण बॅटरीच्या ऋणाग्रात दडलेले आहे. तेथे वर्षानुवर्षे वापरात असलेल्या ग्रॅफाइटमध्ये आता सिलिकॉन आणि कर्ब यांचे संयुक्त द्रव्य मिसळले जाते. सिलिकॉन लिथियमला भरपूर जागा देते ही गोष्ट संशोधकांना कित्येक दशके ठाऊक होती, पण जागा देताना ते स्वतःच फुटून जाते आणि या एका दोषावर उपाय सापडेपर्यंत त्याचा हा गुण प्रयोगशाळेबाहेर पडू शकला नाही.

लिथियम-आयन घटाची रचना थोडक्यात सांगायची तर त्यात दोन अग्रे असतात. धनाग्र हे बहुधा लिथियम आणि कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडचे असते, तर ऋणाग्र कर्बाचे. त्या दोहोंमध्ये एक अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो आणि सर्वत्र विद्युत अपघटनी, म्हणजे आयनांना वाट करून देणारा द्रव, मुरलेला असतो. फोन चार्ज होत असताना लिथियमचे आयन धनाग्रातून निघून पडद्यापलीकडील ऋणाग्रात जाऊन बसतात, आणि फोन वापरला जात असताना ते झोपाळ्यासारखे परत फिरतात. त्याच वेळी इलेक्ट्रॉन बाहेरच्या मंडलातून वाहतात आणि तीच फोनला मिळणारी वीज असते. बॅटरीत किती वीज मावेल हे अखेर दोन्ही अग्रांत किती लिथियम मावते यावर ठरते.

या रचनेपर्यंत पोहोचण्याचा मार्ग सरळ नव्हता. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन कंपनीत जो घट तयार केला, त्याचे ऋणाग्र लिथियम धातूचेच होते. पुनःपुन्हा चार्ज केल्यावर या धातूवर काट्यांसारखी वाढ होते आणि ते काटे पडदा भेदून पलीकडे पोहोचले की घट आतल्या आत जोडला जाऊन पेट घेऊ शकतो. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी ऑक्सफर्ड येथे लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र सिद्ध केले, तर जपानच्या असाही कासेई कंपनीतील अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये लिथियम धातूला पूर्ण फाटा देऊन ऋणाग्रासाठी पेट्रोलियम कोक, म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरणारा कोळसा, वापरला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने अशी बॅटरी बाजारात आणली आणि या तिन्ही शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कोकची जागा ग्रॅफाइटने घेतली. कर्बाची निवड ही सुरक्षिततेसाठी क्षमतेशी केलेली तडजोड होती, हे येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

त्या तडजोडीची किंमत अणूंच्या हिशेबात मोजता येते. ग्रॅफाइटमध्ये कर्बाचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि लिथियम त्या थरांच्या मधल्या फटींत शिरते. पूर्ण भरलेल्या ग्रॅफाइटमध्येही कर्बाच्या सहा अणूंमागे लिथियमचा एकच अणू असतो, म्हणून एका ग्रॅमची सैद्धांतिक क्षमता ३७२ मिलिअँपिअर-तासांच्या पुढे जात नाही. सिलिकॉन लिथियमला फटीत बसवत नाही. ते त्याच्याशी मिश्रधातूप्रमाणे एकजीव होते आणि चार अणूंमागे लिथियमचे पंधरा अणू सामावून घेते. त्यामुळे त्याची क्षमता ग्रॅममागे सुमारे ३,५७९ मिलिअँपिअर-तास, म्हणजे ग्रॅफाइटच्या साडेनऊपट, भरते.

मात्र इतके पाहुणे घरात घेतल्यावर घर जसेच्या तसे राहत नाही. ग्रॅफाइट भरताना सुमारे दहा टक्के फुगते, तर सिलिकॉनचे आकारमान जवळजवळ चौपट होते आणि लिथियम निघून गेले की ते पुन्हा आक्रसते. ही फूग-आक्रस प्रत्येक चार्जिंगबरोबर घडत असल्याने सिलिकॉनच्या कणांना तडे जातात, त्यांचा भुगा होतो आणि त्यातील काही कण विद्युतप्रवाहाच्या वाटेपासून कायमचे तुटतात. याहूनही मोठे नुकसान पृष्ठभागावर होते. कोणत्याही लिथियम-आयन घटात पहिल्या काही चार्जिंगच्या वेळी अपघटनी द्रवाचा थोडा भाग विघटित होऊन ऋणाग्रावर एक पातळ पापुद्रा धरतो. हा पापुद्रा उपकारक असतो, कारण तो आयनांना आत येऊ देतो पण द्रवाचे पुढील विघटन थांबवतो. ग्रॅफाइटवर तो एकदा बसला की बराच काळ टिकतो. सिलिकॉनवर मात्र कण फुगताच तो फाटतो, उघडा पडलेला नवा पृष्ठभाग पुन्हा पापुद्रा धरतो आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम व थोडा द्रव त्यात कायमचा अडकून पडतो. अशा घटाची क्षमता काही डझन फेऱ्यांतच ढासळत असे, आणि म्हणूनच सिलिकॉनचे ऋणाग्र बराच काळ शोधनिबंधांतच राहिले.

कणाचा आकार पुरेसा लहान केला तर तो फुगूनही फुटत नाही, हे ध्यानात आल्यावर संशोधनाला दिशा मिळाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील यी त्सुई यांच्या गटाने २००८ मध्ये सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म तारांचे ऋणाग्र प्रसिद्ध केले. या तारा आडव्या-उभ्या फुगूनही न तुटता पायाला धरून राहत होत्या. याच गटाने २०१४ मध्ये मांडलेली रचना अधिक बोलकी आहे. तिला त्यांनी डाळिंबाची उपमा दिली. सिलिकॉनचा प्रत्येक सूक्ष्म कण कर्बाच्या पातळ कोषात ठेवायचा, कोषात फुगण्यापुरती रिकामी जागा सोडायची आणि असे असंख्य दाणे कर्बाच्याच जाड सालीत एकत्र बांधायचे, अशी ही योजना आहे. फुगणे थांबवण्याऐवजी त्याच्यासाठी आत जागा राखायची आणि पापुद्रा न फुगणाऱ्या सालीवर बसू द्यायचा, ही त्यामागील कल्पना पुढच्या साऱ्या प्रगतीचे मर्म ठरली.

डाळिंबाची साल प्रयोगशाळेत शोभली, तरी टनावारी उत्पादनाला ती परवडणारी नव्हती. आजच्या उद्योगाने तीच कल्पना उलट्या क्रमाने राबवली आहे. आधी स्पंजासारखा सच्छिद्र कर्ब तयार केला जातो, ज्याची छिद्रे काही नॅनोमीटर रुंद असतात (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि मग त्यातून सिलेन नावाचा, सिलिकॉन व हायड्रोजन यांचा बनलेला वायू तापवून सोडला जातो. वायू विघटित होऊन सिलिकॉन छिद्रांच्या आतच साचते आणि छिद्रे पूर्ण न भरता थोडी मोकळी ठेवली जातात. सिलेन हवेशी संपर्क येताच पेटणारा वायू असल्याने ही प्रक्रिया सोपी नाही, आणि सिलिकॉन-कर्ब द्रव्य ग्रॅफाइटपेक्षा महाग पडण्याचे हेही एक कारण आहे.

ऑनर कंपनीने २०२३ च्या मार्चमध्ये चीनमध्ये आणलेल्या मॅजिक ५ प्रो या फोनने हे द्रव्य मोबाईलच्या बाजारात ठळकपणे आणले. त्या फोनच्या चिनी आवृत्तीची बॅटरी ५,४५० मिलिअँपिअर-तासांची होती, तर इतर देशांतील आवृत्तीची ५,१००, म्हणजे वाढ सुमारे सात टक्क्यांची. सिलिकॉनची क्षमता साडेनऊपट असताना फायदा इतका माफक का, या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. एक तर ऋणाग्रात सिलिकॉनचे प्रमाण अजून थोडेच ठेवले जाते. समजा ते दहा टक्के धरले, तर ऋणाग्राची सैद्धांतिक क्षमता ३७२ वरून सुमारे ६९३ पर्यंत जाते. दुसरे असे की धनाग्र तेच राहते, आणि त्याची ग्रॅममागील क्षमता मुळात ग्रॅफाइटहूनही कमी असते. ऋणाग्राचा थर पातळ करून जी जागा सुटते, तेवढ्यात अधिक धनाग्र भरणे एवढाच लाभ हाती लागतो. त्यानंतरच्या फोनांत सिलिकॉनचे प्रमाण आणि त्याबरोबर क्षमता क्रमाने वाढत गेली. २०२५ च्या जानेवारीत भारतात आलेल्या वनप्लस १३ मध्ये ती ६,००० मिलिअँपिअर-तासांवर पोहोचली होती.

मिलिअँपिअर-तास हे विद्युतप्रभाराचे माप आहे, ऊर्जेचे नव्हे. ऊर्जा काढण्यासाठी त्या आकड्याला व्होल्टने गुणावे लागते. ५,००० मिलिअँपिअर-तास आणि ३.८७ व्होल्ट असा घट १९.३५ वॉट-तासांचा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वाहतुकीविषयीच्या नियमांत ज्या घटाची ऊर्जा २० वॉट-तासांच्या आत असते त्याला अनेक कडक बंधनांतून सूट मिळते. म्हणून मोठी बॅटरी हवी असल्यास काही उत्पादक ती दोन घटांत विभागतात, तर काही जण ठरावीक देशांसाठी क्षमताच कमी ठेवतात. शिवाय सिलिकॉनयुक्त घटाचा सरासरी व्होल्ट किंचित कमी असल्याने समान मिलिअँपिअर-तासांतून थोडी कमी ऊर्जा मिळते. खोक्यावर वॉट-तास मोठ्या अक्षरांत छापले जावेत, अशी अपेक्षा यातूनच उभी राहते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न टिकाऊपणाचा आहे. फुगणे काबूत आले आहे, नाहीसे झालेले नाही. दोन वर्षांनंतर ही बॅटरी किती उरते याचे उत्तर आज ग्राहकाला दुकानात मिळत नाही, आणि फोन चार-पाच वर्षे चालवणाऱ्या घरांसाठी पहिल्या दिवशीच्या क्षमतेपेक्षा हेच उत्तर अधिक मोलाचे असते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोनच्या बॅटरीने ८०० पूर्ण फेऱ्यांनंतरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के वीज साठवली पाहिजे, आणि ती किती फेऱ्या टिकते हे ऊर्जा-पट्टीवर छापावे लागते. फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रावरील तारांकित पट्टी पाहून खरेदी करण्याची सवय भारतीय ग्राहकाला आहेच. मोबाईलवरही फेऱ्यांचा आकडा सक्तीचा करण्यात कोणतीही तांत्रिक अडचण दिसत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाविषयीचा, म्हणजे उपकरण किती सहज दुरुस्त होते हे दाखवणाऱ्या मानांकनाविषयीचा, अहवाल सादर केला आहे. त्या निर्देशांकाबरोबरच बॅटरीच्या आयुर्मानाची सक्ती झाली, तर सिलिकॉनचे प्रमाण वाढवण्याची स्पर्धा आपोआप ते टिकवण्याच्या स्पर्धेत बदलेल.

सच्छिद्र कर्बाची ही विद्या केवळ सिलिकॉनपुरती उरणार नाही. लिथियमपेक्षा मुबलक असलेल्या सोडियमचा आयन ग्रॅफाइटच्या थरांत नीट बसत नाही, आणि त्याच्यासाठी वेड्यावाकड्या रचनेचा, सूक्ष्म पोकळ्यांचा ‘कठीण कर्ब’ लागतो. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यातीलच भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्र जाहीर केले. पुढील लेखांकात या सोडियम घटाचा, आणि तो फोनऐवजी आधी दुचाकी व घरगुती साठवणुकीकडे का वळतो, याचा विचार केला जाईल.