वाचल्यानंतरची झोप

1993 च्या भूकंपाच्या त्या पहाटेनंतर आमच्या ढोकीत कित्येक दिवस माळवदाखाली झोपायला कुणी धजावत नव्हतं. किल्लारी, सास्तूरसारखी आमच्याकडं पडझड नव्हती, तरी माणसं अंगणात, खळ्यावर, जागा मिळेल तिथं अंथरूण टाकत. पुढं या भागात ज्यानं-त्यानं माळवद उतरवून पत्रे घातले. उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजून निघायचं, पण डोक्यावर माती-दगड नको. जमीन हलली तो मिनिटभराचाही खेळ नव्हता, झोप मात्र वर्षानुवर्षं उडाली. ऑरलँडोविषयी वाचायला बसलो की मला ते माळवद आठवतं.

12 जून 2016. फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरात ‘पल्स’ हा समलिंगी मंडळींचा नाइट क्लब. शनिवार रात्रीचा लॅटिन गाण्यांचा कार्यक्रम संपत आला होता. पहाटे दोनच्या सुमारास एक बंदूकधारी आत शिरला. 49 जण मेले, 53 जणांना गोळ्या लागल्या. पोलीस भिंत फोडून त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा पाच वाजले होते. मधले तीन तास काही जण स्वच्छतागृहात, मेलेल्यांच्या शेजारी निपचित पडून होते. काहींनी तिथूनच आईला मेसेज पाठवले.

इथंच किल्लारी आणि पल्स वेगळे होतात. किल्लारीत रडायला अख्खं गाव होतं. प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी गेलेलं, त्यामुळं कुणासाठी रडतोस असं कुणी विचारत नव्हतं. ऑरलँडोत कित्येकांना आपलं दुःख सांगण्याआधी एक गुपित फोडावं लागलं. काही घरांत मुलगा समलिंगी होता हे कळलं तेच त्याच्या मरणाच्या बातमीसोबत. वाचलेल्यांचंही तसंच. मांडीला गोळी लागली तेव्हा कुठं होतास, या साध्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर आयुष्यभर झाकलेलं सगळं उघडं करायचं. त्यात मेलेले-जखमी बहुतेक लॅटिन वंशाचे, अनेक जण पोर्टो रिकोकडचे. ज्यांच्या आईबापांना इंग्रजी धड येत नाही, त्यांना समुपदेशन तरी कोणत्या भाषेत द्यायचं? या गरजेतूनच पुढं ‘क्यूलॅटिनेक्स’ ही संघटना तिथं उभी राहिली.

रक्ताची गोष्ट तर चटका लावणारी. सकाळ होताच रक्तदानासाठी रांगा लागल्या. पण ज्यांच्या माणसांना रक्त हवं होतं, त्याच समलिंगी पुरुषांना बारा महिने शरीरसंबंध टाळल्याशिवाय रक्त देता येत नव्हतं. मित्र आत शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणि हा बाहेर धडधाकट असून बिनकामाचा. अमेरिकेनं तो नियम 2023 मध्ये बदलला. आपल्याकडच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनी समलिंगी पुरुषांना आणि पारलिंगींना रक्तदानाची कायमची बंदी घातली. आणि 2016 च्या त्या जूनमध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 अजून जिवंत होतं, हेही विसरू नये. पल्सची बातमी पेपरात वाचून ढोकीतल्या एखाद्या पोराच्या पोटात खड्डा पडला असेल, तर तो कायद्यानं गुन्हेगार होता. बोलणार कुणाशी?

पैसा आला, हे सांगितलं पाहिजे. लोकांच्या देणग्यांतून जमलेले सुमारे 3 कोटी डॉलर वाटले गेले. ज्या रुग्णालयांत जखमींना नेलं होतं, त्यांनी जखमींकडून बिल घ्यायचं नाही असं ठरवलं. निधीचं वाटप प्रतवारीनं झालं: मृतांचे वारस, रुग्णालयात राहिलेले, बाहेरून उपचार घेतलेले, आणि शेवटी खरचटलंही नाही पण आत होते असे. आपल्याकडं नाही का, भूकंपानंतर गावं ए, बी, सी वर्गांत घातली होती! भिंतीची भेग मोजता येते. पण ज्यांना ओरखडा नाही, त्यांनाही पीडित धरलं, हा मात्र मला त्या वाटपातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

पुढची काही वर्षं गेली भांडणात. क्लबच्या मालकिणीनं काढलेल्या प्रतिष्ठानानं भव्य संग्रहालयाचा घाट घातला. वाचलेल्यांतल्या आणि नातेवाइकांतल्या अनेकांनी विरोध केला: आमच्या रक्तावर तिकीट लावू नका. अखेर 2023 मध्ये संग्रहालय बारगळलं, प्रतिष्ठान गुंडाळलं गेलं आणि शहरानं ती जागा 20 लाख डॉलरला विकत घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर 2022 मध्ये, कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या ‘क्लब क्यू’ या समलिंगींच्या क्लबमध्ये गोळीबार होऊन पाच जण मेले होते. ऑरलँडोत ज्यांच्या जखमेवर नुकती खपली धरत होती, त्यांची ती पुन्हा निघाली.

त्याहून जुनी एक जखम आहे. 24 जून 1973 ला न्यू ऑर्लिन्सच्या ‘अपस्टेअर्स लाउंज’ या समलिंगींच्या बारला आग लागली, 32 जण गेले. लावली असल्याचा संशय होता, शिक्षा कुणालाच झाली नाही. काही प्रेतं घ्यायला घरचे आले नाहीत, बहुतेक चर्चनी प्रार्थनेला दारं उघडली नाहीत. शहरानं माफी मागितली ती 2022 मध्ये. तेव्हाच्या पंचविशीतल्या पोराला ती ऐकायला पंचाहत्तरीत पोचावं लागलं.

जून 2025 मध्ये, पल्सची इमारत पाडण्याआधी, वाचलेल्यांना आणि नातेवाइकांना आत जाऊ दिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. प्रत्येक गटाला अर्धा तास. आतलं सामान हलवलेलं, फरशी धुतलेली. ज्याचं लेकरू गेलं ते माणूस त्या रिकाम्या खोलीत नेमकं कुठं उभं राहत असेल? भूकंपात सासर-माहेर दोन्ही गेलेल्या बायका जुन्या गावच्या ढिगाऱ्यात जाऊन आपल्या चुलीची जागा शोधत, तसंच काहीसं.

क्लबसमोरच्या रस्त्यावर 2017 पासून सप्तरंगी पट्ट्यांचं क्रॉसिंग होतं. ऑगस्ट 2025 मध्ये राज्याच्या वाहतूक खात्यानं एका रात्रीत त्यावर काळा-पांढरा रंग फासला. दुसऱ्या दिवशी लोक रंगीत खडू घेऊन आले आणि गुडघ्यांवर बसून पट्टे भरू लागले. पावसानं खडू धुतला. ते परत आले.