बंदुकीचा आकडा आणि शिकारीचा कायदा

भाताला लोंब्या आल्या की तळकोकणात रात्रीची राखण सुरू होते. मळ्याच्या कडेला माळा, हाताशी बॅटरी आणि डबे वाजवून, आरोळ्या ठोकून घसा बसलेला शेतकरी. तरी पहाटे पाहावं तर डुकरांच्या कळपानं अर्धा कुणगा लोळवलेला असतो. विदर्भात हीच गत तुरीची आणि सोयाबीनची. तिथे रानडुकरांच्या जोडीला रोही. अशा सकाळी कुणीतरी विचारतंच, "कुठल्या बोअरची बंदूक घ्यावी?" उत्तरं भरपूर मिळतात, पण त्यातली बरीचशी ऐकीव असतात. या विषयातली चूक माणसाला तुरुंगात नेते, नाहीतर झाडीत एक जखमी जनावर तडफडत ठेवते. म्हणून सर्रास ऐकू येणारे सहा गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : बंदुकीचा परवाना आहे, म्हणजे शिकार करता येते.

वस्तुस्थिती : हे दोन वेगळे कायदे आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळणारा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. जनावर मारता येईल की नाही, हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ठरवतो. मूळ १९७२ च्या कायद्यात शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीनं ते बंद झाले. तेव्हापासून हौसेची शिकार भारतात कुणालाच करता येत नाही. वाघ-बिबट्या सोडाच, ससा आणि भेकरही त्यात आले.

अपवाद वन्यजीव कायद्याच्याच कलम ११ मध्ये आहेत. रानडुकरासारखं अनुसूची २ मधलं जनावर माणसाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झालं आहे अशी खात्री पटली, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, कारणं नोंदवून, ते मारण्याचा लेखी आदेश देऊ शकतो. गवा अनुसूची १ मध्ये आहे. त्यानं कितीही नासधूस केली तरी पिकाचं कारण त्याला लागू होत नाही. जिवावर बेतलं असताना स्वसंरक्षणासाठी जनावर मारलं गेलं, तर तो गुन्हा ठरत नाही. पण आदेशानं मारलेलं असो वा स्वसंरक्षणात, ते जनावर सरकारी मालमत्ता होतं. त्याच्या मटणाचे वाटे घालणं हा वेगळा गुन्हा.

गैरसमज २ : पीक राखायला हवी ती बंदूक मिळते.

वस्तुस्थिती : शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये याचा क्रम स्पष्ट दिला आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी आधी ठासणीची बंदूक. ती पुरेशी पडणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, आणि तिची नळी २० इंचांपेक्षा आखूड नको. रायफल या तरतुदीत बसतच नाही. या क्रमामागे शहाणपण आहे. रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. बंदुकीचे छर्रे काहीशे मीटरांत जमिनीवर येतात. आपल्याकडे शेताला लागून वाडी असते आणि वाडीला लागून पायवाट. अंधारात चुकलेली गोळी कुठे थांबेल, याचा विचार कायद्यानं आपल्या आधी करून ठेवला आहे.

गैरसमज ३ : बोअरचा आकडा मोठा, म्हणजे बंदूक मोठी.

वस्तुस्थिती : इथे हिशेब उलटा आहे. एक पौंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम शिसं घ्या. त्याच्या बारा सारख्या गोल गोळ्या पाडल्या, तर जी एक गोळी नळीत चपखल बसेल ती नळी बारा बोअरची. ही गोळी जवळपास ३८ ग्रॅमची आणि नळी सुमारे १८.५ मिलिमीटर रुंद. त्याच शिशाच्या वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होते, म्हणून वीस बोअरची नळी १५.६ मिलिमीटरच भरते. चारशे दहा बोअर मात्र या हिशेबात येत नाही. तो आकडा थेट इंचाचा आहे, .४१०, म्हणजे १०.४ मिलिमीटर.

बारा बोअरच्या काडतुसाचा उभा छेद पाहिला की बाकीचं उलगडतं. खाली पितळी बूड, त्याच्या मधोमध नखाएवढी गोल टोपी. तिच्यावर घोडा पडला की ठिणगी. तिच्यावर दारू, दारूवर बूच आणि बुचावर छर्रे. पितळेवर 'केएफ' असेल तर ते काडतूस आपल्या पुण्याच्या खडकीतल्या, १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्यातलं. बाहेरून सारखी दिसणारी दोन काडतुसं आत अगदी वेगळी असतात. चार-सहा नंबरच्या काडतुसात बारीक छर्रे भरलेले असतात, तर एसजी-एलजीमध्ये मोजकेच पण जाड. बारीक छऱ्र्यांनी रानडुक्कर मरत नाही, फक्त जखमी होऊन झाडीत शिरतं. नुसता बोअर ठरवून भागत नाही, ते यासाठी.

गैरसमज ४ : थ्री-नॉट-थ्री रायफल सर्वांत जबर, म्हणून तिच्यावर बंदी; थ्री-फिफ्टीन हलकी, म्हणून मोकळी.

वस्तुस्थिती : बंदीचा जोराशी संबंध नाही. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर ही फौजेची काडतुसं. ती झाडू शकणारी रायफल सामान्य नागरिकाला नको, म्हणजे फौजेचा दारूगोळा चोरून कुणाला वापरता येणार नाही, हा त्यामागचा विचार. थ्री-फिफ्टीनची गोळी तर थ्री-नॉट-थ्रीपेक्षा जाडच आहे. इशापूरच्या रायफल कारखान्यानं बनवलेली थर्टी-नॉट-सिक्स जोरात थ्री-नॉट-थ्रीला मागे टाकते, तरी ती बंदी असलेल्या बोअरमध्ये येत नाही.

ही रीत इंग्रजांच्या काळापासूनची. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना दारूगोळा मिळू नये म्हणून १९०७ च्या सुमारास .४५० ची काडतुसं हिंदुस्थानात आणायला बंदी झाली. त्यावर विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ असे शेजारचे आकडे काढले. आज हत्तीच्या शिकारीची म्हणून जगभर नावाजलेली .४७० त्या सरकारी बंदीतून जन्माला आली.

गैरसमज ५ : गोळी जितकी जाड, तितका मार मोठा.

वस्तुस्थिती : मार ठरतो गोळीचं वजन आणि वेग यांवर, आणि वेगाचा त्यात वर्ग होतो. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. पॉइंट टू-टूची साधी गोळी आणि .२२३ ची गोळी दोन्ही जवळपास ५.७ मिलिमीटर जाडीच्या. पहिली अडीच ग्रॅमच्या आसपास, सेकंदाला सुमारे ३३० मीटर. ऊर्जा १४० ज्यूल. दुसरी साडेतीन ग्रॅमची, सेकंदाला साडेनऊशे मीटरांच्या पुढे. ऊर्जा १,७०० ज्यूल. जाडी तीच आणि मार बारा पट.

जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथले कायदे हे ओळखतात. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीण कायद्यात मोठ्या हरणासाठी रायफल किमान .२४० इंचांची हवी, आणि शिवाय नळीतून निघताना गोळीची ऊर्जा किमान १,७०० फूट-पौंड, म्हणजे जवळपास २,३०० ज्यूल हवी. एवढी काटेकोर अट कशासाठी? जनावर पहिल्याच गोळीत कोसळावं, हाल होऊन मरू नये, यासाठी.

मात्र मोठी रायफल घेतली की नेम चुकला तरी चालतो, असं मुळीच नाही. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ साली रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट मिळाली. जेमतेम ७ मिलिमीटरची ही रायफल त्यांनी पुढे कितीतरी वर्षं वापरली. खांद्याला न झेपणारी बंदूक घेतली की धक्क्याच्या भीतीनं बार काढतानाच डोळे मिटतात आणि नेम हलतो. बारा बोअरच्या जाड छऱ्र्यांचाही भरवसा ४० मीटरच्या आतच धरावा. त्यापुढे छर्रे पांगतात, आणि नर डुकराच्या खांद्यावरची जाड ढाल त्यांना आत जाऊ देत नाही.

गैरसमज ६ : एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून तिनं काहीही मारता येतं. फासाला तर बंदूकच लागत नाही.

वस्तुस्थिती : .१७७ बोअरची, २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची एअरगन परवान्याविना बाळगता येते, एवढंच. वन्यजीव कायदा हत्यार पाहत नाही. त्याच्या व्याख्येत विष घालणं, फास लावणं, हाकारा करून जनावर हाकणं, आमिष ठेवणं आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच आहे. कुंपणात वीज सोडणारा तर डुकराआधी पहाटे पाणी धरायला निघालेल्या शेजाऱ्याचा जीव धोक्यात घालतो.

मग निवड कशी करायची? आधी कागद, मग बंदूक. नुकसान झालं की वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या. कळप हटतच नसेल तर कलम ११ खाली लेखी आदेश मागा. तो मिळाला, तरच परवान्यावर लिहिलेली बंदूक हातात घ्या. तेव्हाही जनावर नीट ओळखू येतंय का, अंतर ४० मीटरच्या आत आहे का, त्याच्या मागे मातीचा बांध आहे की वस्ती, आणि ही बंदूक आपल्या खांद्याला सवयीची आहे का, हे पाहा. यातलं एक जरी उत्तर खात्रीचं नसेल तर चापावरचं बोट काढून घ्या.

जनावर जखमी होऊन पळालं, तर तो दोष बोअरचा नसतो, बार काढणाऱ्याचा असतो. आणि ज्याच्या हातात लेखी आदेश नाही, त्याच्यासाठी योग्य बोअर कोणताच नाही.